पाहुण्यांपुढची बोली

ऑर्फा साइझमोर पंचवीसएक वर्षं दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीशी बसत होती. केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरांत, स्टिलहाउस ओढ्याच्या खोऱ्यात तो एकच दवाखाना. डॉक्टर दर दोन-तीन वर्षांनी बदलायचे आणि सगळे बाहेरचे असायचे. एखादा म्हातारा आत जाऊन सांगायचा, "डोस्क्यात पानी हिंदाळल्यावानी व्हतंय," की डॉक्टर दारातून मान बाहेर काढून विचारायचे, "ऑर्फा, हे काय?" ऑर्फा कागदावरची नजर न उचलता सांगायची, "चक्कर येतेय त्यांना."

त्यामुळे लुईव्हिल शहरातल्या एका नाटकमंडळीला डोंगरातलं बोलणं शिकवणारं माणूस हवं झालं, तेव्हा डॉक्टरांनी तिचंच नाव सांगितलं. नाटक होतं चौऱ्याहत्तर सालच्या खाणीच्या संपावर. त्या संपात खोऱ्यातल्या बायकांनी पुलावर उभं राहून कोळशाचे ट्रक अडवले होते. त्या बायकांच्या पुढे होती ट्रेसी साइझमोर. म्हणजे ऑर्फाची आई. दिग्दर्शक ट्रेसीवर नाटक करायची परवानगी मागायला तिच्या घरी आला आणि दवाखान्यातली बाई हीच ट्रेसीची मुलगी हे कळल्यावर खुर्चीतून अर्धा उठलाच.

"आम्हाला शहरातला शिक्षक नकोय," तो म्हणाला. "कॅसेट ऐकून शिकलेलं डोंगरी बोलणं आम्ही पुष्कळ ऐकलंय. घरातला आवाज हवा."

ऑर्फाने होकार दिला. आई जाऊन सात वर्षं झाली होती. नाटकात आई आईसारखी ऐकू यावी आणि तिला कुणी हसू नये, एवढंच ऑर्फाला हवं होतं. या दोन गोष्टी एका वेळी मिळणार नाहीत, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही.

कारण आईला एकदा हसून झालेलं होतं.

संपाच्या तिसऱ्या महिन्यात न्यूयॉर्कहून टीव्हीवाले आले होते. ट्रेसी पुलावर कॅमेऱ्यापुढे दोन-चार मिनिटं बोलली. थंडीने नाक लाल झालेलं, डोक्याला नवऱ्याचा मफलर. कार्यक्रम दाखवायचा होता त्या रविवारी निम्मं खोरं दुकानदाराच्या घरी जमलं, कारण त्याच्याकडचा टीव्ही मोठा. ट्रेसी पडद्यावर आली तशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या थांबल्या. तिच्या चेहऱ्याखाली अक्षरं येत होती. परदेशी माणूस बोलला की त्याचं म्हणणं कळावं म्हणून खाली ओळी देतात, तशा. ट्रेसी इंग्रजी बोलत होती आणि खाली इंग्रजीच लिहून येत होतं, कुणीतरी नीटनेटकं केलेलं. मागे एक पोरगं फिसकन हसलं. त्याला त्याच्या बापाने एक ठेवून दिली, पण हसू तर होऊन गेलं होतं.

ट्रेसीने एकूण एक ओळ वाचली. मग "चुलीवर घेवडा हाय माझा" म्हणून ती उठली. घरी आल्यावर ती पंधरा वर्षांच्या ऑर्फाला एवढंच म्हणाली, "परक्याम्होरं नीट बोलायचं, पोरी. तुझ्या त्वांडाखाली कुनी वळी लिवायला नगं." त्यानंतर ती बाहेरच्या कुणापुढे बोलली नाही. संप जिंकला, करार झाला, वर्तमानपत्रवाले आले. तिने नवऱ्याला पुढे केलं.

तसं खोऱ्यात हे नवीन नव्हतंच. दारात अनोळखी गाडी थांबली की बायका एप्रन काढून खुंटीला अडकवतात, तशीच घरातली बोलीही काढून ठेवतात. पाद्री, डॉक्टर, कोर्टातला कारकून, बाहेरून आलेली सून, यांच्यापुढे बोलायची वेगळी बोली असते. ती कुणी शिकवत नाही आणि कुणी विसरतही नाही. ऑर्फाने मात्र आईचं ऐकून ती इतकी घासली होती की त्या बोलीवर तिला नोकरी मिळाली.

मारेन लिंडक्विस्ट मार्चमध्ये आली. उंच, उत्तरेकडच्या मिनेसोटाची, तिशी ओलांडलेली. नाटकात ट्रेसीचं काम तिला मिळालं होतं. ती रोज सकाळी ऑर्फाच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसायची, मध्ये ध्वनिमुद्रणाचं छोटं यंत्र ठेवायची आणि सांगायची, "बोला. काहीही बोला."

ऑर्फा चांगले कप काढायची. केस विंचरलेले असायचे. वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक कसा करतात, आई मटारच्या वेलांना काठ्या कशा लावायची, हे ती सावकाश, स्वच्छ सांगायची. शहरी कानाला तेही डोंगरीच वाटायचं. स्वर लांबायचे, शब्दांचे शेवट मऊ व्हायचे. मारेन मन लावून शिकत होती. जबडा किती सैल सोडायचा, वाक्य कुठे खाली उतरवायचं, हे ती आरशात बघून घोटायची. नाटकाची संहिताही तिने ऑर्फापुढे ठेवली.

संहितेत पुलावरचा प्रसंग होता. लेखकाने जुन्या लोकांना विचारून लिहिलेला. कंपनीचा ट्रक येतो आणि ट्रेसी म्हणते, "ह्यो रस्ता आमचा हाय. गाडी न्यायची? ने. आदी माझ्यावरनं ने."

ऑर्फाने वाचलं आणि तिची कानशिलं तापली. तिला टीव्हीवरच्या त्या खालच्या ओळी दिसल्या.

"असं नाही म्हणायची ती," ऑर्फा म्हणाली.

"मग कसं म्हणायची?"

"हा रस्ता आमचा आहे. गाडी न्यायची असेल तर आधी माझ्या अंगावरून न्यावी लागेल."

मारेनने ते जसंच्या तसं उचललं. यंत्रावर ऐकलं, पुन्हा म्हटलं, पुन्हा ऐकलं. "बरोबर?"

"अगदी बरोबर."

एके दिवशी शिकवणी चालू असताना मागच्या दाराने ऑर्फाचा भाऊ आर्लिस आला. तो दारातूनच ओरडत येणारा. "काय गं, काफी हाय का, का समदी तूच ढोसलीस?" म्हणत आत पाऊल टाकलं आणि टेबलाशी मारेन दिसली. आर्लिसची टोपी हातात आली. "नमस्कार, बाई. कसं काय? ऑर्फा, कॉफी मिळेल का थोडी?"

मारेन वळली. "आधी काय म्हणालात तुम्ही?"

"मी? कॉफीचं विचारलं."

"नाही, त्याच्या आधी."

"कॉफीचंच विचारलं त्याने," ऑर्फा म्हणाली आणि कप भरला.

मारेन गेल्यावर आर्लिस पायरीवर बसून राहिला.

"तिला काय शिकिवतीस गं तू? दवाखान्याचा फारम भरायला?"

"आईचं बोलनं शिकिवतीय."

"आई? आई आशी बोलाय लागली असती, तर डायवरनं टोपी काढली असती, व्हय बाई म्हनला असता आन ट्रक अंगावर घातला असता."

"तू गप ऱ्हा. नाटकात लोकं बसत्यात. हसत्याल."

"हसू देत की. आई काय मरत व्हती व्हय हसन्यानं?"

ऑर्फाने दार लावून घेतलं. आर्लिस त्या रविवारी दुकानदाराकडे नव्हता. तो तेव्हा पाच वर्षांचा होता आणि गोवर येऊन घरी पडला होता.

मेच्या शेवटच्या रविवारी खोऱ्यात कबरी सजवायचा दिवस असतो. प्रत्येक घराणं आपल्या टेकडीवर चढतं, गवत काढतं, दगड धुतं, फुलं लावतं आणि मग तिथेच गवतावर चादरी अंथरून जेवतं. आर्लिसने मारेनला सहज म्हटलं होतं, "या ना तुम्हीपण, जेवायलाच या." माणुसकी म्हणून म्हटलं होतं. बाहेरची माणसं अशा आमंत्रणांना सहसा येत नाहीत.

मारेन आली. गाडी खाली ओढ्याशी लावून देवदारांमधल्या पायवाटेने चालत वर आली, त्यामुळे कुणाला आवाज आला नाही. ऑर्फा आईच्या कबरीपाशी गुडघे टेकून तण उपटत होती आणि तीन कबरी पलीकडे बसलेल्या व्हेस्टामावशीशी तिचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. व्हेस्टामावशी नात्याने मावशी नव्हे, पण तिची माणसंही याच टेकडीवर पुरलेली. खोऱ्यात सगळेच तिला मावशी म्हणायचे. ऐंशीच्या पुढची, पुलावर ट्रेसीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिलेल्यांतली शेवटची.

"मावशे, ही पिलास्टिकची फुलं आईवर नगं ठेवूस, सांगून ठिवते!"

"का? तिला काय वास घ्यायचाय?"

"जिती व्हती तवा तिनं तुझ्या घरातली फेकली व्हती, म्हाईत हाय न्हवं?"

"फेकली न्हाई. शेळीला घातली. आन शेळी मेली. तवा तुझ्या आईनं माझ्याकडनं नवी शेळी मागितली, निलाजरी!"

"आगं, तुझ्याच फुलांनी मेली न्हवं का ती!"

दोघी हसत होत्या. ऑर्फा तर मातीच्या हातांनीच डोळे पुसत होती. मग व्हेस्टामावशीची नजर वर गेली. "आगं बया. पाव्हनी."

टेकडीवरचं सगळं बोलणं बंद पडलं. ऑर्फा उठली, गुडघे झाडले. "या, मारेन. वाट सापडली ना?"

मारेनच्या डोळ्यांत चमक होती. "ऑर्फा, तुम्ही माझ्याशी असं कधीच बोलला नाहीत."

"कसं?"

"आत्ता बोलत होतात तसं." आणि तिला राहवलं नाही. ती त्या क्षणी म्हणाली, "फेकली न्हाई. शेळीला घातली. आन शेळी मेली."

ते हुबेहूब होतं. सूर, हेल, शेवटी पडणारा आवाज, सगळं. व्हेस्टामावशीच देवदारांतून बोलल्यासारखी. चादरीवर बसलेली आर्लिसची मुलं खदखदून हसली. त्यांना आवडलं म्हणून हसली. मावशी स्वतःसुद्धा हसली. ऑर्फाला मात्र त्यात दुकानदाराच्या घरातलं मागच्या बाजूचं ते एक हसू ऐकू आलं.

"हेच हवंय मला," मारेन म्हणत होती. "तुमची आई पुलावर असंच बोलली असणार. पहिला प्रयोग गुरुवारी आहे. दिवस आहेत आपल्याकडे. मी सगळं नव्याने बसवते."

"नाही."

"का?"

"ते आमचं आपसातलं बोलणं आहे."

"पण पुलावर तुमची आई…"

"पुलावर ती काय बोलली हे मला ठाऊक आहे," ऑर्फा म्हणाली. "तुम्हाला शिकवलं तेच ती बोलली. जेवून जा. कोंबडी आहे, घेवडा आहे. कॉर्नब्रेड गरम आहे अजून."

मारेन जेवली. तिने पुन्हा विचारलं नाही. आईच्या बाबतीत मुलीचं ऐकायचं, असं तिला वाटलं असावं. त्यात तिची चूक काढता येत नाही.

गुरुवारी पहिला प्रयोग तालुक्याच्या शाळेच्या सभागृहात झाला. शहरात जायच्या आधी एकदा खोऱ्यापुढे करायचा असं दिग्दर्शकाचं म्हणणं होतं. सभागृह भरलं. लुईव्हिलहून पाहुणे आले होते, ते मधल्या रांगांत बसले. व्हेस्टामावशी पहिल्या रांगेत, एका बाजूला आर्लिस, दुसऱ्या बाजूला ऑर्फा. मावशीने नवा ब्लाउज घातला होता.

मारेनने काम चांगलं केलं. पुलाच्या प्रसंगात ती ट्रकच्या दिव्यांपुढे ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "हा रस्ता आमचा आहे. गाडी न्यायची असेल तर आधी माझ्या अंगावरून न्यावी लागेल." शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ गेला. शहरातल्या पाहुण्यांनी मध्येच टाळ्या वाजवल्या. कुणीही हसलं नाही. ऑर्फाने श्वास सोडला आणि आजूबाजूला पाहिलं. खोऱ्यातली माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती. प्रार्थनेला बाहेरचा पाद्री आला की बसतात, तशी.

दिवे लागल्यावर व्हेस्टामावशी बराच वेळ खुर्चीतून उठली नाही.

"आवडलं का, मावशे?" आर्लिसने विचारलं.

"बेस व्हतं. ती उंच बाई लई बेस बोलली. पर मला सांगा, ट्रेसी का न्हाई दावली त्येंनी?"

ऑर्फा म्हणाली, "मावशे, तीच ट्रेसी व्हती."

"कोन? पुलावरली?" मावशीने तिच्याकडे वळून नीट पाहिलं. "मला तर ती कंपनीकडची कुनी वाटली. हापिसातली. आपल्या बाजूनं बोलाया लागली, तवा मनात म्हनलं, चला, येक तरी भली निघाली त्येंच्यात."

आर्लिसने मावशीला हात देऊन उठवलं. 

ऑर्फा तशीच रंगमंचामागे गेली. दिग्दर्शक कुणाकुणाला मिठ्या मारत होता. "ऑर्फा! एकेक शब्द कळला लोकांना! बाहेरची माणसं म्हणताहेत, डोंगरातलं बोलणं इतकं सुंदर असतं हे माहीतच नव्हतं."

"ते बदलायचं आहे," ऑर्फा म्हणाली. "पुलावरचं. मी चुकीचं शिकवलं."

दिग्दर्शकाचा चेहरा तसाच राहिला, फक्त हात खाली आले. शहरातला प्रयोग शनिवारी होता, बाकीच्या नटांचे संवाद त्या वाक्यांवर बेतलेले होते, आणि चांगलं चाललेलं कोण मोडतं? मारेन मात्र मेकअप पुसायचा थांबवून उभी राहिली.

"एकदा म्हणून दाखवा," ती म्हणाली. "तुमची आई म्हणाली होती तसं. तेवढं एक मी सांभाळून घेते."

ऑर्फाने तोंड उघडलं. आजूबाजूला कपडे टांगलेले, माणसं वाट बघत उभी, समोर मारेन. "हा रस्ता," ती म्हणाली आणि थांबली. पुन्हा सुरुवात केली. "हा रस्ता आमचा…" वाक्य पुढे गेलं, पण आईचं झालं नाही. शब्द आठवत होते. ते जुळवून म्हणायला गेली तर गावठी माणसाची नक्कल करणाऱ्या शहरी माणसासारखं बोलणं निघालं, तिच्याच तोंडातून. मारेन पाहुणी होती. पाहुणीपुढे जीभ वळत नव्हती. याआधी चाळिसाव्या वर्षीही वळली नसती आणि पन्नासाव्याही. त्या टेकडीवर, मातीने हात भरलेले असताना, कदाचित वळली असती.

"राहू द्या," मारेन हळूच म्हणाली.

"उद्या सकाळी," ऑर्फा म्हणाली. "तुम्ही दुपारी निघणार ना? सकाळी आपण व्हेस्टामावशीकडे जाऊ. ती होती तिथे. ती बोलेल."

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. ऑर्फाने आधी निरोप पाठवला होता आणि हीच तिची दुसरी चूक झाली. व्हेस्टामावशी ओसरीवरच्या खुर्चीत तयार बसली होती. केसांना पाणी लावलेलं, गळ्याशी चर्चला जाताना लावायची पिन. मारेनने यंत्र सुरू करून कठड्यावर ठेवलं.

"त्या दिवशी फार थंडी होती," मावशी म्हणाली. "आम्ही सर्व भगिनी सकाळीच पुलावर जमलो होतो."

ऑर्फाने डोळे मिटले. "मावशे, आगं घरात बोलतीस तसं बोल की. भगिनी काय, भगिनी!"

"पाव्हनीम्होरं?" मावशीने दात आवळून तिच्याकडे डोळे वटारले आणि मारेनकडे वळून म्हणाली, "हिच्याकडे लक्ष देऊ नका, बाई. ही लहानपणापासून जरा हट्टी आहे. तर, ट्रेसी फार धीराची होती. तिने त्या गृहस्थांना स्पष्ट शब्दांत सांगितलं."

"काय सांगितलं?" मारेनने विचारलं.

"रस्ता आमचा आहे म्हणून."

मारेन तासभर बसली. ताकात कुस्करलेला कॉर्नब्रेड तिने आवडीने खाल्ला. निघताना मावशीचा हात दोन्ही हातांत धरला. ऑर्फालाही तिने मिठी मारली आणि म्हणाली, "तुम्ही मला खूप दिलंत." ती मनापासून म्हणत होती.

गाडी ओढ्याच्या वळणाआड गेली. मावशीने पिन काढली, मानेवर हात फिरवला.

"काय बाई ही कटकट. बोलून बोलून जबडा दुखाया लागला. आन ती पोरगी इचारतीय काय, तर ट्रेसी भ्याली का न्हाई. म्या काय सांगू तिला? ट्रेसी लटालटा कापत व्हती की! माझ्या दंडाला धरलं व्हतं तिनं, महिनाभर काळं-निळं व्हतं. म्हनली, व्हेस्टे, माझं पाय गेलं, मला मागनं धरून ठिव, न्हाईतर म्या हितंच बसन आन समदी म्हनतील ट्रेसी बसली. म्या तिच्या कमरंला गच्च धरून हुबी. म्होरनं वाघीन दिसत व्हती, आन मागनं म्या तिचा झगा मुठीत धरल्याला! ट्रक मागं गेला तवा दोघीबी धाडदिशी चिखलात. आन मग जी हसाया लागली, जी हसाया लागली तुझी आई…"

ऑर्फाने हे कधी ऐकलं नव्हतं. आईनेही सांगितलं नव्हतं.

"मावशे, हे का न्हाई सांगितलंस तिला?"

"आगं, आपलं मानूस चिखलात पडल्यालं परक्याला सांगत्यात व्हय?" व्हेस्टामावशी म्हणाली आणि ताकाचं भांडं घेऊन आत गेली.

खोऱ्यात फोन लागत नाही. मोठ्या रस्त्यापर्यंत गेलं की लागतो. ऑर्फा गाडीत बसली, किल्ली फिरवली, आणि फोन लागला तर मारेनला काय सांगायचं, कोणत्या बोलीत सांगायचं, हे जुळवत राहिली. जुळलं नाही. मग तिने किल्ली काढून घेतली.

नाटक लुईव्हिलमध्ये सप्टेंबरपर्यंत चाललं. मंडळींनी तिला पहिल्या रांगेची जागा राखून ठेवल्याचं तीनदा कळवलं. आर्लिस मुलांना घेऊन एकदा जाऊन आला. ऑर्फा गेली नाही.